आरक्षणाचा हिशेब मांडणारा विस्कॉन्सिनचा प्राध्यापक

अमेरिकेत चार वर्षं नोकरी केली आणि वकिलांवरचे विनोद कानावर पडले नाहीत, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. एखादा करार कंपनीच्या कायदा विभागातून लाल शाईने माखून परत आला की त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दोन-तीन विनोद ठरलेले. आपल्याकडे पुणेरी पाट्या जशा या ईमेलमधून त्या ईमेलमध्ये फिरत राहतात, तसेच इथे हे विनोद फिरतात. तर या विनोदांवर २००५ साली एका प्राध्यापकाने चक्क जाडजूड पुस्तक लिहिलं. शेकडो विनोद जमवले, त्यांची वर्गवारी केली, कुठला कधीपासून सांगितला जातो ते शोधलं आणि दाखवलं की साधारण १९८० नंतर वकिलांवरच्या विनोदांची संख्याही वाढली आणि विषारीपणाही.

हे सद्गृहस्थ म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठातले कायद्याचे निवृत्त प्राध्यापक मार्क गॅलँटर. पण मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते विनोदांमुळे नव्हे. १९९२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मंडल आयोगाच्या शिफारशींवर जो प्रचंड निकाल दिला, त्यात न्यायमूर्तींनी याच गॅलँटर साहेबांच्या पुस्तकाचा आधार घेतलाय. आरक्षण, अस्पृश्यता, भोपाळ या आपल्या तीन अवघड विषयांवर या माणसाने जन्मभर काम केलं. महाराष्ट्रात कायद्याचे विद्यार्थी सोडले तर त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. म्हणून हा खटाटोप.

गॅलँटर यांचा जन्म १९३१चा. शिक्षण सगळं शिकागो विद्यापीठात. आधी तत्त्वज्ञानात एम.ए., मग १९५६ साली कायद्याची पदवी. अशा मुलाने न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बड्या फर्ममध्ये शिरायचं, ही इथली सरळ वाट. हे मात्र १९५७ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन भारतात आले.

ते साल लक्षात ठेवा. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. १९५७च्या सप्टेंबरात लिटल रॉक गावात नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. म्हणजे कोर्ट सांगून मोकळं झालं, पण शाळेचं दार उघडायला संगिनी लागल्या. तिकडे भारताने तर घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता एका फटक्यात नष्ट केली होती आणि १९५५ साली तिला गुन्हा ठरवणारा कायदाही केला होता. कायद्याने अशी जुनी गोष्ट खरंच मोडता येते का, हे पाहायला पंचविशीतल्या अमेरिकन वकिलाला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार?

त्यांनी काम सुरू केलं ते आपल्या हायकोर्टांचे छापील निकाल वाचून. बाहेरून येणारे बहुतेक अभ्यासक खेड्यात जाऊन राहायचे, जातींचे तक्ते काढायचे. हे गृहस्थ ग्रंथालयात बसून धुळीने भरलेले लॉ रिपोर्ट उलगडत होते. आम्हा इंजिनियर लोकांना यातली गंमत पटकन कळेल. मंजूर झालेलं ड्रॉइंग एक असतं आणि साइटवर उभं राहिलेलं बांधकाम दुसरंच. काम संपल्यावर जे झालंय ते जसंच्या तसं दाखवणारं वेगळं ड्रॉइंग काढावं लागतं, त्याला 'ॲज-बिल्ट' म्हणतात. गॅलँटर यांनी आपल्या कायद्याचं ॲज-बिल्ट ड्रॉइंग काढायला घेतलं.

त्यात काय दिसलं? एक उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७चा, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यानंतर महाडच्या सनातनी मंडळींनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला होता, तो मुंबई हायकोर्टात संपायला मार्च १९३७ उजाडलं, हे किती जणांना ठाऊक असतं? दावा बाबासाहेबांच्या बाजूने सुटला. पण कशावर सुटला, तर 'अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे' हे वादी सिद्ध करू शकले नाहीत म्हणून. म्हणजे ती रूढी पुराव्याने शाबीत झाली असती, तर काय झालं असतं याचा विचार करा. दहा वर्षं लढून हाती आलेला विजय असा अरुंद पायावर उभा होता.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, रूढीचा आधार गेला. तरी १९५५च्या कायद्याखाली प्रत्यक्ष काय होतंय हे गॅलँटर यांनी पाहिलं, तेव्हा चित्र उत्साहवर्धक नव्हतं. तक्रारी थोड्या, शिक्षा त्याहून थोड्या आणि दंड किरकोळ. विहीर खाजगी मालकीची निघाली की कायदा बांधावरच थांबायचा. तक्रार करणारा माणूस ज्याच्या शेतावर मजुरीला जातो, बहुधा त्याच्याविरुद्धच साक्ष द्यायची असायची. सरकारलाही हे पुढे मान्य करावं लागलं. १९७६ साली तो कायदा कडक करून त्याचं नाव 'नागरी हक्क संरक्षण कायदा' ठेवलं गेलं.

दुसरा प्रश्न त्यांनी उचलला तो 'कोण कुठल्या गटात' हा. वरकरणी हा अगदी रुक्ष प्रश्न, पण यातले दोन महत्त्वाचे खटले आपल्या विदर्भातले आहेत. पहिला भंडाऱ्याचा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तिथल्या राखीव जागेसाठी एका महार उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, कारण तो महानुभाव पंथात गेला होता आणि त्या पंथात जात मानत नाहीत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंथ बदलला तरी हा माणूस महारच राहिला. त्याच्या जातीने त्याला टाकलेलं नाही, त्यानेही जात सोडलेली नाही. दुसरा खटला नागपूरचा. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेला एक उमेदवार १९६२ साली विधानसभेच्या राखीव जागेवरून निवडून आला. त्याची निवड रद्द झाली, कारण आता तो हिंदू नाही आणि म्हणून अनुसूचित जातीचाही नाही!

दोघांच्याही वस्तीत, दोघांच्याही पाणवठ्यावर काय फरक पडला होता? काहीच नाही. गावाने दोघांनाही पूर्वीसारखंच वागवलं असणार. पण एकाला कायद्याने आत ठेवलं आणि दुसऱ्याला बाहेर काढलं. अशा खटल्यांत न्यायाधीश समाजाकडे कोणत्या चष्म्यातून पाहतात हे गॅलँटर यांनी १९६०च्या दशकातच उलगडून दाखवायला सुरुवात केली. जात म्हणजे धर्मातली एक पायरी समजायची, की माणसाच्या वाट्याला येणारी वागणूक? चष्मा बदलला की निकाल बदलतो. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती १९६० साली दिल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला मात्र १९९० उजाडावं लागलं. मधल्या तीस वर्षांत एका आख्ख्या पिढीचं नोकरीचं वय निघून गेलं.

या सगळ्या कामातून १९८४ साली त्यांचा मोठा ग्रंथ आला, 'कॉम्पीटिंग इक्वॉलिटीज'. मराठीत म्हणायचं तर 'एकमेकींशी झुंजणाऱ्या समता'. नावातच सगळं आलं. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करणं ही एक समता. ज्यांना पिढ्यान् पिढ्या रांगेतच येऊ दिलं नाही त्यांना पुढे घेणं ही दुसरी समता. आपल्या घटनेने दोन्ही मान्य केल्या आणि त्या एकमेकींना टक्कर देणार हे ओघानेच आलं.

आरक्षण आपल्याला नवं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. पण आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोनच प्रकारचे लोक दिसतात. एक म्हणतात, यामुळे देश बुडाला. दुसरे म्हणतात, यावर शंका घेणाराच मुळात जातीयवादी. गॅलँटर यांनी तिसरंच केलं. आरक्षणाच्या बाजूचे दावे एका बाजूला लिहिले: नोकऱ्या मिळतील, सत्तेत वाटा मिळेल, मुलांना शिकायची उमेद येईल, बाकीच्यांना बरोबरीने वागायची सवय लागेल. विरोधातले दावे दुसऱ्या बाजूला लिहिले: फायदा वरच्या थरापुरता राहील, गुणवत्तेला धक्का बसेल, जातीच्या भिंती पक्क्या होतील, मिळणाऱ्यावर कायमचा शिक्का बसेल. मग एकेका दाव्याला विचारलं की तुझ्या बाजूने पुरावा काय?

हिशेब जमाखर्चाचा होता आणि दोन्ही रकाने भरलेले होते. १९५०चं दशक संपताना केंद्र सरकारच्या पहिल्या वर्गाच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींची माणसं टक्का-दोन टक्क्यांच्या आसपास होती आणि झाडूवाल्यांच्या जागांवर मात्र त्यांचीच गर्दी. पुढच्या वीस वर्षांत वरचा आकडा हळूहळू चढला. लोकसंख्येच्या मानाने तो फार कमी होता, पण आरक्षण नसतं तर तेवढाही चढला नसता. फायदा सर्वांना सारखा पोचला नाही, हेही खरं निघालं. एकंदरीत धोरण यशस्वी झालं, पण अर्धवट आणि किंमत मोजून, असा त्यांचा निष्कर्ष. ज्याला घोषणा हवी असेल त्याला हा निष्कर्ष मिळमिळीत वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो.

अमेरिकेत या विषयाचं काय झालं, तेही पाहा. १९७८ साली 'बाकी' नावाच्या खटल्यात (बाकी हे माणसाचं आडनाव!) इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विद्यापीठांनी ठरावीक जागा राखून ठेवायच्या नाहीत, पण प्रवेश देताना वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक म्हणून धरायला हरकत नाही. पंचेचाळीस वर्षांनी, २०२३ साली, हार्वर्डच्या खटल्यात तेही जवळजवळ बंद केलं. तो दावा लावणाऱ्या संघटनेची तक्रार होती की आशियाई मुलांवर अन्याय होतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं त्यात आली. त्यामुळे हा वाद इथल्या मराठी घरांतही गणपतीच्या जेवणावळीपर्यंत पोचला.

आता त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या लेखाकडे येतो. हा लेख १९७४चा. त्याला काही नियतकालिकांनी साभार परत पाठवलं होतं. शेवटी तो 'लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू'मध्ये आला, ज्याचे तेव्हा गॅलँटर स्वतःच संपादक होते! पुढे कायद्यावरच्या सर्वांत जास्त उल्लेखल्या गेलेल्या लेखांत त्याची गणना झाली. विषय साधा: कोर्टात 'आहे रे' मंडळीच पुढे का निघतात?

उत्तर 'न्यायाधीश विकले जातात' हे नव्हे. गॅलँटर म्हणतात, न्यायाधीश स्वच्छ असो, कायदाही निःपक्षपाती असो, तरी हेच होईल. कोर्टात दोन प्रकारचे पक्षकार येतात. एक आयुष्यात एकदाच येणारा, म्हणजे अपघातात पाय गेलेला माणूस, घटस्फोट मागणारी बाई. दुसरा रोज येणारा, म्हणजे विमा कंपनी, बँक, सरकारी खातं. एकदाच येणाऱ्याचं सगळं आयुष्य त्या एका खटल्यात अडकलेलं असतं, त्याला थांबणं परवडत नाही. रोज येणाऱ्याला एक खटला हरला काय नि जिंकला काय, हजारातला एक. त्याचा वकील पगारी, कागदपत्रं पहिल्या दिवसापासून तयार, कोर्टातल्या कारकुनापासून सगळे ओळखीचे. आणि मुख्य म्हणजे जो खटला हरण्याची भीती असेल तो तो गुपचूप पैसे देऊन मिटवतो आणि जो जिंकून नियम आपल्या बाजूने वळेल तोच शेवटपर्यंत लढवतो. मग छापील निकाल कुणाच्या बाजूने साठत जाणार? खेळपट्टी सपाट आहे, पण एक संघ तिच्यावर रोज सराव करतो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर भोपाळकडे चला. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. आठवडाभरात अमेरिकन वकिलांनी इथे दावे लावले. १९८५च्या मार्चमध्ये भारत सरकारने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. न्यायाधीश होते जॉन कीनन. पहिला मुद्दा हा की खटला चालवायचा कुठे, न्यूयॉर्कला की भोपाळला?

इथे जे झालं ते कादंबरीत लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही. अमेरिकन कंपनी म्हणाली, भारताची न्यायव्यवस्था उत्तम आहे, खटला तिकडेच चालवा. भारत सरकार म्हणालं, आमच्या न्यायव्यवस्थेला हे झेपणार नाही, खटला इथेच चालवा. कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देणारे होते नानी पालखीवाला, घटनेच्या मूलभूत चौकटीसाठी लढलेले, ज्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं ऐकायला मुंबईत ब्रेबर्न स्टेडियम भरायचं ते. आणि भारत सरकारच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं मार्क गॅलँटर यांनी.

गॅलँटर यांनी मांडलेल्या अडचणी अशा होत्या. नुकसानभरपाईच्या दाव्यांचा कायदा भारतात वाढलेलाच नाही, असे खटले मोजकेच होतात आणि लागायला दहा वर्षांहून जास्त घेतात. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. जिंकल्यावर वाटा घेऊन लढणारे वकील नाहीत. रासायनिक कारखान्यासारख्या तांत्रिक विषयात मुरलेली वकिलांची फळी नाही. पालखीवालांचं म्हणणं होतं की आपल्या न्यायालयांची कुवत पुरेशी आहे. १२ मे १९८६ रोजी कीनन यांनी निकाल दिला: खटला भारतात चालवा. त्यांनी असंही सुचवलं की भारताच्या न्यायालयांना ही संधी नाकारणं म्हणजे साम्राज्यवादाचाच एक नमुना होईल.

हे वाचताना आपल्या आत काहीतरी हलतं, नाही का? एक अमेरिकन माणूस अमेरिकन कोर्टात सांगतो की तुमची कोर्टं कमी पडतील, म्हणजे अपमानच. पण पुढचं पाहा. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी कंपनीला ३५० कोटी रुपये अंतरिम मदत द्यायला सांगितली. पूर्वी कुणी न केलेली गोष्ट त्यांनी धाडसाने केली. त्याच्या एक वर्ष आधी सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात धोकादायक उद्योगांवर संपूर्ण जबाबदारी टाकणारा नवा नियम घडवला होता. म्हणजे बुद्धी आणि धैर्य यांत आपले न्यायाधीश कुठे कमी नव्हते. तेवढ्यापुरते पालखीवाला बरोबर होते.

पण कंपनी अपिलात गेली, हायकोर्टाने ती रक्कम २५० कोटींवर आणली, कंपनी आणखी वर गेली आणि १४ फेब्रुवारी १९८९ला सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. सरकारची मागणी तीन अब्ज डॉलरच्या वर होती. तडजोड करताना मृतांचा आकडा धरला होता सुमारे तीन हजार. पुढे सरकारनेच पाच हजारांवर मृत्यूंची भरपाई मान्य केली आणि एकूण पाच लाखांहून जास्त लोकांना ते पैसे वाटावे लागले. वाटप सुरू व्हायलाच १९९२ उजाडलं. पीडितांना तडजोडीपूर्वी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. फौजदारी खटल्याचा निकाल २०१०चा, शिक्षा दोन वर्षांची. भरपाई वाढवून मागणारा सरकारचा शेवटचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. तेव्हा घटनेला अडतीस वर्षं होऊन गेली होती.

१९७४चा लेख पुन्हा आठवा. थांबणं ज्याला परवडतं तो जिंकतो. न्यूयॉर्कमध्ये काय झालं असतं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि इथली कोर्टं म्हणजे काही रामराज्य नाही, हे तर गॅलँटर यांनीच दाखवलंय. अमेरिकेत ऊठसूट खटले होतात, या समजुतीला त्यांनी १९८३ पासून आकड्यांनी उत्तर दिलं. २००४ साली त्यांनी दाखवलं की फेडरल न्यायालयांत १९६२ साली ११.५ टक्के दिवाणी दावे प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत जायचे, २००२ साली उरले १.८ टक्के. बाकी सगळे आधीच मिटतात किंवा निकालात काढले जातात. आणि जनता मात्र वकिलांवर विनोद सांगत समजतेय की खटल्यांनी देश बुडाला!

निवृत्तीनंतरही भारताचा नाद सुटला नाही. २०१३ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी एका तरुण सहकाऱ्याबरोबर आपल्या सर्वोच्च न्यायालयातल्या मूठभर बड्या वकिलांवर निबंध लिहिला, एकेका हजेरीला लाखोंत फी घेणाऱ्या. विषय फिरून तोच: न्यायाच्या दारात कोण किती वेळ उभा राहू शकतो.

इथल्या मराठी मंडळींत आरक्षणाचा विषय निघाला की मी पाहिलंय, पाच मिनिटांत आवाज चढतात. ज्याला मुंबईत सीट मिळाली नाही तो तावातावाने बोलतो, आणि ज्याचे वडील आरक्षणामुळे घरातले पहिले पदवीधर झाले तो ताट घेऊन हळूच दुसऱ्या खोलीत जातो. त्या दुसऱ्या खोलीत गेलेल्या माणसाचं म्हणणं कुणी विचारत नाही. शिकागोत शिकलेल्या एका माणसाने १९८४ सालीच दोघांचं म्हणणं समोरासमोर लिहून काढलं आणि प्रत्येकाला पुरावा मागितला. आपल्याला कुणी अडवलंय? पुढच्या वेळी वाद निघाला की निदान त्याला आधी बोलू द्यावं, असं मी ठरवलंय. बघू या, कुठवर जमतं ते.